उसन्या नावाची गयाबाई

आमच्या ऑफिसातली रद्दी दिवाळीच्या आधी उचलली जाते. किस्से मात्र कुणीच नेत नाही. ते कपाटावर, माठाजवळ, रफिकभाईंच्या खुर्चीखाली पडून राहतात, आणि चार माणसं चहाला जमली की आपोआप बाहेर येतात. बरं, आमचे किस्से लग्नाच्या पंगतीत सांगण्यासारखेही नाहीत. "तुमच्याकडं कसल्या केसेस येतात हो?" असं कुणी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की विचारणाऱ्याचा घास हातातच राहतो.

परभणीला कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. शैलाताई सीनियर. मी त्यांची ज्युनियर. माझेही केस आता पांढरे व्हायला लागलेत, पण ज्युनियर ती ज्युनियरच. आणि रफिकभाई आमचे मुन्शी, म्हणजे तारखा, नकला, शिक्के आणि भांडणं सांभाळणारा माणूस. ज्या बायकांवर लैंगिक अत्याचार झाले त्या आमच्याकडे येतात. लोकांना वाटतं, यात पोलीस, कोठडी आणि शिक्षा एवढंच असतं. ते असतंच. पण त्याच्या शेजारून दुसराही एक रस्ता जातो, दिवाणी धर्तीचा. आरोपीला काय होईल याच्या आधी बाईला काय मिळेल, हे तिथं विचारतात. राहायला घर, जवळ न येण्याचा हुकूम, नुकसानभरपाई, कामाच्या जागी चौकशी. एक रस्ता धरला म्हणून दुसरा बंद होत नाही. हे समजावण्यात आमचा अर्धा जन्म गेला.

मला चौकशा फार. वडील झरीच्या शाळेत मास्तर होते. ते म्हणायचे, "ही पोरगी एकतर वकील होईल, नाहीतर चांभारचौकशा करणारी शेजारीण." मी दोन्ही झाले.

*

शैलाताईंचा एक नियम आहे. नवीन बाई आली की "काय झालं?" असं विचारायचं नाही. "तुला काय पाहिजे?" असं विचारायचं. काय झालं ते ती पोलिसांना, डॉक्टरला, भावाला, भावजयीला सांगून दमलेली असते. काय पाहिजे, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

सुरुवातीला मला हा नियम फार जड गेला. माझ्या जिभेवर "मग? पुढं?" कायम तयार. पण उत्तरं ऐकायला लागले आणि चटक लागली. एका बाईनं बराच वेळ विचार करून सांगितलं, "आधी पाणी." दुसरी म्हणाली, "माझ्या बाबाला रडणं बंद करायला सांगा, मला काही सुचंना गेलंय."

एकदा एका मुलीचा मामा पुढं सरसावला. मुलगी कोपऱ्यात, मामा टेबलाशी. "फाशीच पाहिजे मॅडम. भर चौकात. त्याच्या खाली काहीच नको." ताईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा, तुमची केस आपण नंतर घेऊ. आधी हिची ऐकते." मामा बाहेर जाऊन बसला. मुलगी म्हणाली, "मला परीक्षेला बसायचंय. त्यो कॉलेजच्या गेटवर थांबतो. त्यो तिथं नको." बस, एवढंच. ते आम्ही करून दिलं. पोलिसांत जायचा रस्ता तिच्यासाठी उघडाच ठेवला होता, आणि पुढे निकाल लागल्यावर ती स्वतःच्या पायानं तिकडंही गेली. मामाला बरोबर नेलं नाही म्हणून तो अजून रुसलेला आहे.

*

एका खाजगी संस्थेत टायपिस्ट असलेल्या बाई आल्या होत्या. साहेब फाईल देताना हात सोडत नाही, एकटं गाठून नको ते बोलतो, अशी त्यांची तक्रार. कायद्यानं तिथं चौकशी समिती असायला हवी. ती होती, पण फक्त भिंतीवरच्या बोर्डावर. आम्ही तिला खुर्चीवर आणून बसवलं. समितीनं पहिल्याच बैठकीत अगदी मायेनं सुचवलं, "बाई, तुमच्या सोयीसाठी तुम्हाला दुसऱ्या शाखेत पाठवू का?"

बाई म्हणाल्या, "बैल उसात शिरला तर ऊस हलवतेत का बैल?"

समितीतले निम्मे सदस्य शेतकऱ्यांच्या घरचे. त्यांना लगेच पटलं. चौकशी होईपर्यंत साहेबांची खुर्ची मागच्या खोलीत गेली, संडासाशेजारी. तिसऱ्या दिवशी साहेबांचा समितीकडे अर्ज आला की इथं बसून आपल्याला मानसिक त्रास होतो.

*

आता गयाबाई.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. अशा बाईचं नाव छापायचं नाही, जाहीर करायचं नाही, हे कायदा सांगतोच. शैलाताई त्याच्याही पुढं गेल्या. ऑफिसातसुद्धा खरं नाव उच्चारायचं नाही. खाली झेरॉक्सवाल्याकडे गर्दी असते, जिन्यातून आवाज जातो. म्हणून आलेल्या बाईनं स्वतःसाठी एक नाव निवडायचं, आणि मग आम्ही सगळे तिला त्याच नावानं हाक मारायची. मला वाटायचं, सगळ्या नटींची नावं घेतील. एकीनंही घेतलं नाही. कुणी शाळेतल्या बाईंचं घेतं, कुणी मेलेल्या बहिणीचं. का घेतलं ते मी हळूच विचारून घेते. हा प्रश्न नियमात बसतो.

ही बाई तिशीची, विधवा, शाळेत जाणारी एक मुलगी. तिचं गाव सांगणार नाही. पिंगळी म्हणा, चुडावा म्हणा, मनाला येईल ते म्हणा, त्यातलं एकही नाही. नाव काय ठेवायचं म्हटल्यावर ती पटकन म्हणाली, "गयाबाई."

"गयाबाई कोण?"

"आमच्या गल्लीतली हाय. लय भांडखोर. तिच्या वाटंला कुणी जात न्हाई."

ताईंनी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

त्यावर ती जराही अडखळली नाही. "दीर घरातून निघाला पायजे. मला घर पायजे. पोरगी मोठी व्हायलीय."

नवरा गेल्यापासून एकाच घरात ती, मुलगी, सासू आणि दीर. दिराची बायको केव्हाच सोडून गेलेली. ती का गेली हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तो हिच्या खोलीत शिरायचा. हिनं आतून लावायला कडी आणली, तर त्यानं ती उपटून फेकली. माहेरचे म्हणत होते, इकडं ये. ती म्हणायची, "मी कामून जाऊ? वंगाळ त्यानं करायचं आन् घर मी सोडायचं?"

ताईंनी तिला समजावलं. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात हाही अत्याचार येतो. मॅजिस्ट्रेट दिराला घराबाहेर जायला सांगू शकतात. घर कुणाच्या नावावर आहे हे पाहून राहण्याचा हक्क ठरत नाही. हुकूम मोडला तर मात्र तो गुन्हा. आणि पोलिसांत तक्रार तिला आजही करता येईल, उद्याही. सगळं ऐकून ती म्हणाली, "आधी त्यो घरातून निघू द्या. मंग पोलिसाचं बघते. घरात त्यो असताना ठाण्यात गेले तर रात्री परत कुठं येऊ?"

इतकी वर्षं काळा कोट घालून मी हा प्रश्न असा सरळ मांडलेला ऐकला नव्हता.

*

अशा अर्जावर संरक्षण अधिकारी घरी जाऊन पाहणी करतात. आमच्या काळे मॅडम. स्वभाव गोड, साखर मात्र डॉक्टरांनी बंद केलेली. सरकारी जीप गल्लीत शिरली की अख्ख्या गावाला कळणार, कुणाकडं आली. मग मॅडमनी युक्ती केली. जीप पारापाशी सोडली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. "काय बाई, पाणी येतं का? पोरगी शाळेत जाती का?" प्रत्येक घरात बसायचं, प्रत्येक घरात चहा. गावाला वाटलं पीक विम्याच्या पंचनाम्याची माणसं आलीत. एकानं त्यांना बोट धरून आपल्या वाळलेल्या सोयाबीनपर्यंत नेलं. मॅडमनी मान हलवत सोयाबीनची पाहणी केली आणि "लय नुकसान झालं की हो" म्हणाल्या.

गयाबाईच्या घरी पोचेपर्यंत त्यांना चहाचं नाव काढवत नव्हतं. तिथं मात्र चहा मिळाला नाही. दीर दारातच म्हणाला, "आमच्या घरी काही विचारायचं न्हाई. आमाला विमा नको."

परत आल्यावर मॅडम आम्हाला म्हणाल्या, "अख्ख्या गावात विमा नको म्हणणारा हा एकच शेतकरी. मला तिथंच घर सापडलं."

*

ताईंनी बंद खोलीत सुनावणीची मागणी केली आणि जजसाहेबांनी ती मान्य केली. बाहेरचं कुणी आत नको. पण एक घोटाळा कुणाच्या ध्यानात आला नव्हता, तो म्हणजे पुकारा. कोर्टाचा शिपाई व्हरांड्यात येऊन पक्षकारांची नावं खड्या आवाजात पुकारतो. त्याचा आवाज बसस्टँडपर्यंत जातो अशी ख्याती. रफिकभाई त्याच्या कानाला लागले, "भाई, हल्लू. नाव नको. नुसता नंबर बोला."

शिपाई शब्दाला जागला. नाव घेतलं नाही, फक्त अर्जाचा नंबर पुकारला, पण आवाज नेहमीचाच. आता व्हरांड्यात रोज शेकडो नावं पुकारली जातात, कुणी मान वर करत नाही. बिननावाचा पुकारा लोकांनी जन्मात ऐकला नव्हता. तंबाखू मळणारे हात थांबले. वकील थांबले. सगळा व्हरांडा माना वळवून बघायला लागला, ही कोण बिननावाची!

मी गयाबाईकडे पाहिलं, तर ती बाकावर बसून, मान उंच करून, सगळ्यांसारखीच इकडंतिकडं बघायलेली. शेजारच्या बाईला तिनं विचारलंसुद्धा, "कोन हाय वो?" लोकांना कुणी सापडलं नाही, तंबाखू परत सुरू झाली, आणि मग ती पदर सावरत सावकाश आत आली.

आत मी विचारलं, "अगं, हे काय?"

"समदे बघायले, मी बी बघितलं," ती म्हणाली.

*

एका दुपारी रफिकभाई घाईनं आत आले आणि दार लोटून घेतलं. "मॅडम, बाहेर एक बाई आलीय. म्हणती मी गयाबाई. मी बोललो, गयाबाई आत बसल्यात. तर माझ्यावरच डाफरली. दुश्मन पार्टीनं पाठवलेली दिसती."

आमची गयाबाई खुर्चीतच आक्रसली. तिनं पदर तोंडावर घेतला.

दार ढकलून बाई आत आली. उंच, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. एका हातात पिशवी, दुसऱ्यानं रफिकभाईंना बाजूला सारलेलं. "कोण गयाबाई बसल्यात, मला बी बघू द्या."

तो सगळा उलगडा करताना आम्हा वकिलांची बोबडी वळली. कायद्याची कलमं सांगणं सोपं, पण "बाई, तुमचं नाव आम्ही काही महिने वापरतोय" हे कसं सांगायचं? शेवटी आमच्या गयाबाईनंच पदराआडून सांगितलं.

"माझंच कामून घेतलं?" खरी गयाबाई.

"तुमाला समदे भेतेत."

"भेतेत व्हय?" बाई खुर्ची ओढून बसली. चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते लपवण्याचा तिनं प्रयत्नही केला नाही. "मंग वापर की. फाटंस्तवर वापर."

ती आली होती साक्ष द्यायला. एका रात्री हिचा आवाज ऐकून तीच मुसळ घेऊन आली होती आणि दिराला हिच्या खोलीतून बाहेर पडताना तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. हिनं विचारायच्या आधीच तिनं परभणीची बस धरली. "तिचं तोंड बघून समजंना व्हय मला, ती कुठं जायलीय ते?" असं वर आम्हालाच ऐकवलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तिला विचारलं, "तुमचं गावात सगळ्यांशी भांडण आहे, खरं का?" ती म्हणाली, "व्हय. पर मी समोर भांडते. आंधारात न्हाई."

तेव्हापासून ऑफिसात एक थोरली गयाबाई आणि एक धाकटी. रफिकभाई मात्र थोरलीला अजून जिन्यातच सलाम करतात.

*

दिराच्या बाजूनं सासू साक्षीला आली. वाळलेल्या काटकीसारखी म्हातारी. "माझा ल्योक देवमाणूस हाय. सूनच वंगाळ." पाठ केलेलं होतं हे मलाही कळलं. प्रत्येक उत्तराआधी ती मुलाकडे बघायची. मी ताईंच्या कानाशी लागले, हे विचारा, ते विचारा, माझ्याकडे प्रश्नांची यादीच तयार. ताईंनी सगळे बाजूला ठेवले.

"आजी, सून घराबाहेर गेली पाहिजे असं तुम्हाला वाटतं का?"

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. "त्यो म्हणंल तसं."

"त्याला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं."

जजसाहेबांनी पेन खाली ठेवून वाट पाहिली. मग ती म्हणाली, "मला कुणी इचारीत न्हाई."

ताई म्हणाल्या, "साहेब, मला आणखी काही विचारायचं नाही." मला इतका राग आला! हातातली साक्षीदार अशी सोडून द्यायची? बाहेर आल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. ताई म्हणाल्या, "म्हातारीला त्याच्याबरोबरच घरी जायचंय ना आज."

शेवटच्या दिवशी समोरच्या वकिलांनी जोर लावला. "साहेब, बाईला माहेर आहे. ती तिकडं राहू शकते. माझ्या अशिलानं कुठं जावं?"

ताई उठल्या. "साहेब, त्याला शेतावर राहण्याजोगा आखाडा आहे. पत्र्याचा आहे, वीज आहे, विहीर आहे. आणि तिथं कुणाची खोली नाही."

हुकूम झाला. दिरानं घर सोडायचं. तिच्या, मुलीच्या, मुलीच्या शाळेच्या आसपास फिरकायचं नाही. धाकटी गयाबाई व्हरांड्यात खाली बसली आणि रडली. थोरली तिच्यापुढं उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर, म्हणजे कुणाला दिसू नये. मीही रडले. मी मात्र सगळ्यांना दिसले.

*

हुकूम अमलात आणायला काळे मॅडम आणि ठाण्यातला एक हवालदार गावाला निघाले. वकिलानं जायची काही गरज नसते. मी गेले. मला राहवलंच नाही.

या वेळी जीप थेट दारात थांबली. दिरानं आधी आवाज चढवला, मग हवालदाराकडे पाहून उतरवला. एक ट्रंक, एक गादी, पंखा असं सामान त्यानं ओट्यावर आणून टाकलं. गयाबाई मुलीला धरून आतल्या दाराशी उभी. सासू चुलीपाशी बसलेली, पाठमोरी. मला धाकधूक, की आता ही म्हातारी तळतळाट देणार, गल्ली गोळा करणार.

दीर म्हणाला, "आये, ऊठ. चल आखाड्यावर. भाकरी कोन करंल मला?"

म्हातारी उठली नाही.

"आये, ऐकू येईना का?"

काळे मॅडमनी हुकूम वाचायला घेतला. वाचून दाखवावाच लागतो. या घरात यायचं नाही. हिच्या जवळ जायचं नाही. हिला हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही, निरोप पाठवायचा नाही. वाचून झाल्यावर म्हातारी वळली आणि म्हणाली, "परत एकदा वाचा."

मॅडमना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी पुन्हा वाचलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. म्हातारी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. दीर ट्रंकेवर हात ठेवून उभा होता.

वाचून संपल्यावर म्हातारी भिंतीला धरून उठली, मॅडमजवळ आली आणि त्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, माझ्या बी जवळ यायचं न्हाई, असं लिवता येतं का ह्यात?"